पाच हजार शिपाई आणि एक अट

१९१७ च्या मे महिन्यात लोकमान्य टिळक नाशिकला आले, ते आपल्या होमरूल लीगच्या पहिल्या वर्धापनदिनासाठी. साठी उलटली होती. मधुमेहाने शरीर पोखरले होते आणि मंडालेच्या तुरुंगातील सहा वर्षांनी उरलीसुरली तरतरीही ओढून नेली होती. तरीही त्या दिवशीच्या भाषणाची सुरुवात त्यांनी केली ती आपण मनाने अजून तरुण आहोत हे सांगून. शरीर झिजते, आत्मा झिजत नाही, हा गीतेतील सिद्धान्त त्यांनी सरळ राजकारणात आणला आणि स्वराज्याच्या आकांक्षेलाही तोच न्याय लावला. गीतारहस्य प्रसिद्ध होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

नाशिक हे त्या काळी सरकारदरबारी बदनाम झालेले गाव होते. सावरकर बंधूंचा मित्रमेळा येथलाच, आणि अभिनव भारताची मुळेही येथलीच. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी १९ एप्रिलला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यानंतर कित्येक घरांच्या झडत्या झाल्या, कित्येकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. टिळक त्या वेळी मंडालेत होते. सात वर्षांनंतर ते त्याच गावात उभे राहून स्वराज्याची मागणी करत होते; मात्र या वेळची मागणी कायद्याच्या चौकटीत होती आणि तिच्यामागे एका जागतिक युद्धाचा हिशेब होता.

तो हिशेब समजून घ्यायचा तर नाशिकहून क्षणभर दूर, वॉशिंग्टनला जावे लागते. टिळकांच्या या भाषणाआधी जेमतेम सहा आठवडे, ६ एप्रिल १९१७ रोजी, अमेरिका महायुद्धात उतरली होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तटस्थता जाहीर केली होती. युरोपातील भांडणे युरोपाने निस्तरावीत, ही त्या देशाची जुनी शिकवण. मे १९१५ मध्ये लुसिटानिया हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले, १२८ अमेरिकी माणसे मेली, तरी देश युद्धाबाहेर राहिला. १९१६ च्या नोव्हेंबरात विल्सन पुन्हा निवडून आले ते मुख्यतः देशाला युद्धापासून दूर ठेवल्याच्या पुण्याईवर. पुढे जर्मनीने पाणबुड्यांना मोकळे रान दिले, मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध उठवण्याचा तिचा डाव उघडकीस आला, आणि अडीच वर्षांची तटस्थता दोन महिन्यांत संपली. पण ती संपली कशी, हे महत्त्वाचे. अध्यक्षांना काँग्रेसपुढे उभे राहून कारणे द्यावी लागली. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० अशी मते पडली. सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदादेखील त्यानंतर, १८ मे रोजी झाला. आपण हे युद्ध लोकशाहीसाठी लढत आहोत, असे विल्सन जगाला सांगत होते.

हिंदुस्थानला कोणी काही विचारले नव्हते. ४ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्लंडने युद्ध पुकारले आणि त्याच क्षणी हिंदुस्थान युद्धात गेला. सप्टेंबर संपण्यापूर्वी हिंदी पलटणी फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरल्या होत्या. तटस्थ राहायचे की लढायचे, हा प्रश्न या देशापुढे कधी ठेवलाच गेला नाही. ज्याला तटस्थ राहण्याचे स्वातंत्र्य नाही, त्याने युद्धात सामील व्हायचे ते कोणत्या नात्याने? टिळकांच्या शेवटच्या सहा वर्षांतील राजकारण या एका प्रश्नाभोवती फिरते.

टिळकांच्या आयुष्याचा पूर्वार्ध महाराष्ट्राला पाठ आहे. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्म, वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात. डेक्कन कॉलेज, मग कायद्याची पदवी. चिपळूणकर आणि आगरकर यांच्याबरोबर १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा'. कोल्हापूर प्रकरणी डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवस हा तुरुंगवासाचा श्रीगणेशा. मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडणे, सार्वजनिक गणेशोत्सव, शिवजयंती, १८९७ चा राजद्रोहाचा खटला, वंगभंग, सुरतची फूट आणि १९०८ साली न्यायमूर्ती दावर यांनी ठोठावलेली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. ती मंडालेत भोगत असताना १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. १९१४ च्या जूनमध्ये सरकारने त्यांना गुपचूप हडपसर स्टेशनवर उतरवून मध्यरात्री गायकवाड वाड्यात आणून सोडले. वाड्यासमोर पोलिसांचा पहारा बसला. भेटायला कोण येते-जाते याची नोंद होऊ लागली.

सुटकेनंतर दोन महिन्यांच्या आत युद्ध सुरू झाले. आता टिळक काय बोलणार याकडे सरकारचे आणि अनुयायांचे सारखेच लक्ष होते. जर्मनीचे यश ते इंग्रजांचे संकट आणि इंग्रजांचे संकट ती आपली संधी, असे मानणारे अनेक तरुण त्यांना गुरुस्थानी मानत. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे हा त्यांच्याच पिढीचा. तटस्थ अमेरिकेत गदर पक्षाच्या संपर्कात आलेला हा तरुण युद्ध सुरू होताच परतला, मीरतच्या लष्करी छावणीत बाँबसह पकडला गेला आणि १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरला फासावर चढला. अमेरिका तटस्थ होती तोवर गदरवाल्यांना तेथे वावरता येत होते. ती युद्धात उतरली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात त्यांच्यावर खटला उभा राहिला. दुसऱ्या देशाच्या तटस्थतेवर विसंबलेल्या क्रांतीचे आयुष्य त्या तटस्थतेइतकेच होते.

टिळकांनी ही वाट घेतली नाही. १९१४ च्या ऑगस्ट अखेरीस त्यांनी 'मराठा' पत्रात एक निवेदन प्रसिद्ध केले. आपण सरकारचे शत्रू नाही, साम्राज्यावरील संकटात प्रत्येक हिंदी माणसाने सरकारला साहाय्य केले पाहिजे, आणि देशात झालेल्या हिंसक कृत्यांनी राजकीय प्रगती मागे पडली, असा त्याचा आशय. हिंसक कृत्यांत नाशिक आलेच. या निवेदनाने अनेक अनुयायी बुचकळ्यात पडले. सहा वर्षांच्या तुरुंगाने सिंह माणसाळला, असे काहींना वाटले. इंग्रज अधिकाऱ्यांना तो नुसता कावा वाटला. दोन्ही निदाने चुकीची होती. टिळकांना राज्यकारभाराची रचना बदलायची होती, आणि युद्धात सापडलेले सरकार हे शांततेतील सरकारापेक्षा वाटाघाटीला अधिक उत्सुक असते, हे ओळखण्याइतके ते वकील होते.

त्यांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा शस्त्रांचा होता. १८७८ च्या शस्त्रबंदी कायद्याने हिंदी माणसाच्या हातातील बंदूक काढून घेतली होती. सैन्यात शिपाई म्हणून जाता येत असे, पण कितीही शौर्य गाजवले तरी वरची मर्यादा सुभेदार मेजरची. त्याच्यावर विशीतला इंग्रज लेफ्टनंट. राजाची सनद मिळालेला अधिकारी, म्हणजे ज्याला किंग्ज कमिशन म्हणत, तो हिंदी माणूस होऊ शकत नव्हता; अपवाद वैद्यकीय खात्यासारख्या एखाद्या कोपऱ्याचा. काँग्रेस १८८७ पासून यावर ठराव करत आली होती आणि सरकार ते फायलीत ठेवत आले होते. ज्या देशाला स्वतःचे रक्षण करता येत नाही, त्याने स्वराज्य कशाला मागावे, असा टोमणा साहेब मारत. आणि रक्षण शिकवा म्हटले की दारे बंद. हा तिढा युद्धाने सुटेल, असे टिळकांना वाटले.

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांनी तुर्कांपुढे शरणागती पत्करली. वेढ्यात अडकलेल्या फौजेचे नाव सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. पाच महिने उपासमार सोसून सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. वाळवंटातील पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतील हजारो परत आले नाहीत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची मुले दजलेच्या काठी मरत होती आणि इकडे त्यांच्या मुलखातील पुढारी स्वराज्याचे अर्ज छापत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे लोकांना आणि सरकारला पटवणे, हेच टिळकांनी पुढची दोन वर्षे केले.

सरकारचे उत्तर लवकरच आले. बेळगाव आणि नगरच्या भाषणांबद्दल, साठाव्या वाढदिवसाच्या सुमारास, वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून २० हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. त्याच वाढदिवसाला लोकांनी त्यांना एक लाखाची थैली दिली आणि त्यांनी ती देशकार्याला अर्पण केली. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. टिळकांची बाजू मांडली ती बॅरिस्टर जिनांनी. डिसेंबरात लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार झाला. एप्रिल १९१७ पर्यंत होमरूल लीगचे सभासद १४ हजारांवर गेले.

याच सुमारास सरकारने हिंदी संरक्षण दलाचा कायदा केला. सुशिक्षित तरुणांना लष्करी शिक्षण देणारी ही पहिलीच फट, म्हणून टिळकांनी ती हेरली. सभांमधून ते तरुणांना नाव नोंदवायला सांगू लागले. पिकलेल्या केसांची अडचण नसती तर आपणच पहिल्या रांगेत उभे राहिलो असतो, असेही त्यांनी बोलून दाखवले. गंमत अशी, की त्याच फेब्रुवारीत पंजाबच्या सरकारने त्यांना प्रांतात पाऊल टाकायला बंदी केली. ज्या प्रांतातून सर्वाधिक शिपाई जात होते, तेथे भरतीला उत्तेजन देणारा हा माणूस नको होता. शिपाई हवे होते, त्यांना विचार करायला लावणारा पुढारी नको होता. संरक्षण दलाला प्रतिसादही तोकडाच मिळाला. गोऱ्या आणि हिंदी स्वयंसेवकांच्या वागणुकीतील फरक तरुणांना दिसत होता, आणि पिढ्यान् पिढ्या बंदुकीपासून दूर ठेवलेला पदवीधर एका सभेने शिपाई होत नसतो.

नाशिकचे भाषण आले ते या पार्श्वभूमीवर. येथील तरुणांना बाँब-पिस्तुलांची ओळख आधीच झाली होती आणि त्याची किंमतही कळली होती. जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी म्हणून ओळखले जात. त्यांच्या खुनाने राज्ययंत्रणेचा एक खिळाही ढिला झाला नाही, उलट गावच पिळून निघाले. टिळकांनी त्या जखमेवर बोट ठेवले नाही, तिचे उदात्तीकरणही केले नाही. त्यांनी राज्यशास्त्राची भाषा वापरली. गुलामगिरीत संपणारे शास्त्र आपल्याला नको, स्वराज्यात संपणारे हवे, असा त्या विवेचनाचा रोख होता. ज्या गावात सात वर्षांपूर्वी मोठ्याने बोलणेही धोक्याचे झाले होते, तेथे हे उघड्या सभेत बोलले गेले, हीच त्या दिवसाची कमाई.

अमेरिकेच्या युद्धप्रवेशाने होमरूलवाल्यांना नवा आधार मिळाला. लोकशाहीसाठी लढणाऱ्या राष्ट्राने हिंदुस्थानकडे पाहावे, म्हणून मद्रासचे निवृत्त न्यायमूर्ती सुब्रह्मण्य अय्यर यांनी जून १९१७ मध्ये थेट विल्सन यांना पत्र लिहिले. स्वराज्याचे वचन मिळाले तर हिंदुस्थान काही महिन्यांत लक्षावधी सैनिक उभे करील, असे त्यांनी कळवले. लाला लजपतराय त्या वेळी अमेरिकेतच होते. ऑक्टोबरात त्यांनी न्यूयॉर्कला इंडिया होमरूल लीग काढली आणि ना. सु. हर्डीकर त्यांचे उजवे हात झाले. इकडे २० ऑगस्टला भारतमंत्री माँटेग्यू यांनी टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. नऊ हिंदी व्यक्तींना किंग्ज कमिशन देण्याचेही त्याच वेळी जाहीर झाले. लाखोंच्या फौजेत नऊ! टिळकांना तोंडी लावण्याइतकेही ते पुरले नाही.

१९१८ च्या वसंतात जर्मनीने फ्रान्समध्ये जबर मुसंडी मारली आणि लंडनला पुन्हा हिंदुस्थानची आठवण झाली. एप्रिलअखेर व्हाइसरॉयनी दिल्लीत युद्ध परिषद भरवली. टिळकांना निमंत्रण नव्हते. त्याआधी थोडेच दिवस, केळकर-खापर्डे प्रभृतींसह विलायतेला निघालेल्या टिळकांचे परवाने कोलंबोपर्यंत पोचल्यावर रद्द करण्यात आले होते. गांधीजी परिषदेला गेले आणि त्यांनी एका हिंदी वाक्यात ठरावाला पाठिंबा दिला. १० जूनला मुंबईत लॉर्ड विलिंग्डन यांनी प्रांतिक परिषद बोलावली. तिला मात्र टिळकांना बोलावणे होते. गव्हर्नरांनी आरंभीच होमरूलवाल्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेतली. टिळक बोलायला उठले, राजनिष्ठेबद्दल दोन शब्द बोलून स्वसंरक्षण आणि स्वराज्य यांची सांगड घालू लागले, तोच विलिंग्डन यांनी राजकीय चर्चा नको म्हणून त्यांना थांबवले. टिळक व्यासपीठावरून उतरले आणि सभागृहाबाहेर पडले. केळकरही निघाले.

यानंतरची घटना टिळकांचा स्वभाव एका चेकमध्ये सांगते. गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून भरती करत होते. टिळकांनी त्यांना ५० हजार रुपयांचा चेक पाठवला. हिंदी माणसांना सैन्यात अधिकारपदे मिळतील असे वचन गांधीजींनी सरकारकडून मिळवावे. ते मिळाले तर महाराष्ट्रातून पाच हजार शिपाई आपण देऊ, आणि दिले नाहीत तर ही रक्कम दंड म्हणून जमा समजावी, अशी ती पैज होती. सुब्रह्मण्य अय्यर लाखांत बोलत होते. टिळक पाच हजारांवर थांबले, कारण हा आकडा त्यांना खरोखर पुरा करायचा होता. गांधीजींनी चेक परत केला. मदत करायची तर ती सौदा म्हणून करू नये, हे त्यांचे म्हणणे. ऑगस्टमध्ये सरकारने टिळकांवर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीवाचून भाषण न करण्याची बंदी घातली, आणि खेडा जिल्ह्यात मूठभर माणसे मिळवून गांधीजी आजारी पडले.

या दोघांत बरोबर कोण, हा वाद पुष्कळ चघळला गेला आहे. गांधीजींची नीती उंच होती यात शंका नाही. पण बिनशर्त मदतीच्या बदल्यात १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा आला आणि एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली, तेव्हा टिळकांची सावकारी पद्धत अधिक शहाणपणाची होती, असे म्हणावे लागते. तरीही त्या हिशेबात एक रकाना कोरा होता. पाच हजार शिपाई आले असते कोठून? सदाशिव पेठेतून तर नक्कीच नाही. ते आले असते मावळ-खोऱ्यांतील आणि देशावरील कुणब्यांच्या, मराठ्यांच्या, महारांच्या घरांतून. या घरांतून माणसे आधीच जात होती. कोल्हापूरचे शाहू महाराज भरतीला मनापासून साहाय्य करत होते, आणि त्यांचे व टिळकांचे वेदोक्तापासूनचे वैर जगजाहीर होते. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. पिढ्यान् पिढ्या शिपाईगिरी केलेल्या आणि मग सैन्याची दारे बंद झालेल्या त्या समाजाला ती मोठी आशा होती. युद्ध संपले, आणि १९२१ मध्ये सरकारने ती पलटण मोडूनही टाकली. त्या लोकांच्या वतीने अट घालायला कोणी नव्हते. टिळकांना विरोधक तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी म्हणून हिणवत आणि ते बिरुद त्यांना शोभलेही. पण याच जातींना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, अशा आशयाचे अथणीच्या भाषणातील त्यांचे उद्गार ब्राह्मणेतर चळवळ कधी विसरली नाही. अधिकारपदाची सनद कोणाच्या मुलाला आणि संगीन कोणाच्या, याचे उत्तर टिळकांच्या पैजेत नव्हते.

सप्टेंबर १९१८ मध्ये टिळक विलायतेला गेले ते राजकारणासाठी नव्हे, निदान कागदोपत्री तरी नव्हे. सर व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने आपल्या पुस्तकात त्यांना हिंदी असंतोषाचे जनक ठरवले होते आणि रँडपासून जॅक्सनपर्यंतच्या खुनांशी त्यांच्या लिखाणाचे नाते जोडले होते. नाशिकचे ते प्रकरण अशा रीतीने लंडनच्या न्यायालयात पुन्हा उभे राहिले. चिरोलतर्फे कार्सन, टिळकांतर्फे सर जॉन सायमन. फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक खटला हरले. खर्च लाखांच्या घरात गेला. साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्याविरुद्धचा न्याय मागण्याचा हा हव्यास त्यांना महाग पडला.

पण लंडनला ते पोचल्यावर दोनच आठवड्यांत, ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबले होते. मेडा व्हेलमधील हाउली प्लेसच्या घरातून टिळकांनी नवा अर्ज लिहायला घेतला. १४ लाखांहून अधिक माणसे हिंदुस्थानने भरतीला दिली होती, त्यांतील दहा लाखांहून अधिक समुद्रापार गेली आणि साठ हजारांहून अधिक परत आली नाहीत. शिवाय १९१७ साली दहा कोटी पौंडांची देणगी हिंदी तिजोरीतून गेली ती वेगळी. हे बिल आता शांतता परिषदेपुढे ठेवायचे होते. दिल्ली काँग्रेसने परिषदेसाठी टिळक, गांधीजी आणि हसन इमाम यांची निवडही केली. पण पॅरिसला जाण्याचा परवाना मिळाला नाही. टिळकांनी विल्सन यांना लिहिले. त्यांच्या चिटणिसाकडून सभ्य उत्तर आले, की हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा विचार योग्य वेळी योग्य अधिकारी करतील. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणाही माणसाला या उत्तराचा अर्थ सांगावा लागत नाही.

परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पाठवलेले निवेदन मात्र टिळकांच्या राजकीय विचाराचा कळस आहे. हिंदुस्थान हा स्वयंपूर्ण देश आहे, त्याला परक्याच्या मुलखाची हाव नाही, आणि म्हणूनच तो स्वतंत्र झाला तर आशियात शांततेचा खंबीर राखणदार होऊ शकेल, असा त्यातील युक्तिवाद. अलिप्त राहण्याची वृत्ती आणि जगाची जबाबदारी घेण्याची तयारी यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. आपण होऊन घेतलेली जबाबदारी आणि लादलेली वेठ यांतच काय तो फरक. २८ जूनला व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानतर्फे सह्या झाल्या त्या माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या.

पुढचा विनोद इतिहासाचाच. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी अमेरिकी सिनेटने व्हर्सायचा तह नाकारला आणि ज्या राष्ट्रसंघाची कल्पना विल्सन यांनी उचलून धरली, त्यातच अमेरिका गेली नाही. स्वतंत्र अमेरिका पुन्हा आपल्या अलिप्ततेत परतली आणि परतंत्र हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला. तेथेही त्याच्या प्रतिनिधीची निवड लंडन-दिल्लीचे सरकारच करणार होते. सिनेटच्या त्या निर्णयानंतर आठच दिवसांनी टिळक मुंबई बंदरात उतरले. अमृतसरच्या काँग्रेसमध्ये त्यांनी सुधारणांबाबत प्रतियोगी सहकारिता मांडली: सरकार जेवढे पुढे येईल तेवढे आपण जावे. चेकमधील अट निराळ्या शब्दांत पुन्हा आली होती. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात ते वारले. असहकाराच्या आंदोलनाचा आरंभ त्याच दिवशी झाला.

ज्या सनदांसाठी त्यांनी पैज लावली, त्या त्यांच्या हयातीतच थोड्या थोड्या मिळू लागल्या होत्या. इंदूरच्या कॅडेट कॉलेजातील पहिल्या तुकडीला १ डिसेंबर १९१९ रोजी अधिकारपदे मिळाली. टिळक मायदेशी परतून तेव्हा चारच दिवस झाले होते. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झालेले करिअप्पा त्या तुकडीतले. १९३१ साली नेमलेल्या लष्करी महाविद्यालय समितीत नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे होते. हे टिळकपक्षातच वाढलेले, आणि गुरूची ही एक मागणी त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलेली. त्या समितीनंतर १९३२ मध्ये डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. तेथे जाणारी मुले शालेय वयापासून तयार व्हावीत म्हणून मुंजे यांनी सैनिकी शाळा काढायचे ठरवले. ती उभी राहिली १९३७ साली, नाशिकला: भोसला मिलिटरी स्कूल.